मांडवली मोडा

पॉवर प्रेसखाली पोराचा अंगठा गेला की मालक आधी मुकादमाला बोलावतो, दवाखाना नंतर. मुकादम आपल्याच वस्तीतला, जयभीम करणारा. "शेठ घरच्यासारखा आहे, 20 हजार देतोय, घे न् गप बस. कोर्टात चपला झिजतील." स्टँपपेपर तयारच असतो. उजवा अंगठा प्रेसनं नेला, डाव्याचा ठसा मांडवलीनं. काम वाटताना ह्यांना जात बरोब्बर आठवते, पैशाच्या वेळी मात्र आपण सगळे घरचे!

दोस्तांनो, हिशेब करू. 1923 च्या भरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला म्हणजे कमाईची ताकद 30 टक्के गेली. चार बोटं गेली तर 50. पोरगा 30 वर्षांचा, पगार 15 हजार. त्याचे 60 टक्के 9 हजार, गुणिले वयाचा आकडा 207.98, त्याचे 30 टक्के. झाले 5 लाख 61 हजार 546 रुपये. आणि हे म्हणतात 20 हजार घे!

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. संहितेशी आमचं भांडण आहे, ते पुन्हा कधी. पण एक गोष्ट तिच्यातही शाबूत आहे. तडजोडीचा कागद सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावाच लागतो. रक्कम अपुरी असेल, दमदाटीनं ठरली असेल, तर तो नोंद नाकारू शकतो. नोंदच नसेल तर मालकाची जबाबदारी सुटत नाही. 'माझा हक्क सोडला' ही सही तर निव्वळ रद्दी. म्हणजे ज्यांनी ठसा दिला तेही दावा लावू शकतात, अपघातापासून 2 वर्षांच्या आत. (ईएसआयचं कार्ड असेल तर पैसे महामंडळाकडून घ्यायचे, तो रस्ता वेगळा.)

खरी अडचण कलमात नाहीच. पगार रोख, हजेरीपटावर नाव नाही, ठेकेदार म्हणतो हा माणूस कोण? काम मूळ मालकाच्या धंद्याचंच असेल तर त्यालाही धरता येतं, पण पोरगा तिथं राबत होता हे सांगणार कोण? शेजारच्या प्रेसवरचे दोघं. त्यांनी सगळं पाहिलंय आणि ते गप्प आहेत. भेकड म्हणून नव्हे, घरी चूल आहे म्हणून. साक्ष दिल्यावर त्यांना कामावरून काढलं तर ती चूल कोण पेटवणार, हे छावणीच्या बैठकीत आधी ठरवा. अर्ज मग लिहू.