शेवटचे दोन तुकडे

बॉस, खरं सांगा. 'झालंच आहे, थोडंसं राहिलंय' असं म्हणत तुमचं एखादं काम किती दिवस पडून आहे?

आमच्या घरचा गणपती रोह्याला, आत्याकडे. मूर्ती मात्र पेणचीच, शाडूची. मागे बुकिंगसाठी पेणला उतरलो, तर कारखान्यातले काका मोडलेले कान, सोंडेचे वाळके तुकडे पाण्यात भिजत घालत होते. "माती टाकायची कशाला? यातूनच दुसरा गणपती होतो!" माझ्या मायक्रोबायोलॉजीवाल्या बहिणीने लगेच ज्ञान पाजळलं, "सेम पेशीसारखं!"

फंडा असा. मेसेंजर आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवून घेतलेली कामाची चिठ्ठी. चिठ्ठी वाचून प्रोटीन बनलं, की तिचं विसर्जन. बॅक्टेरियात तर बऱ्याचदा काही मिनिटांतच! मोठी एन्झाइम्स ती फटाफट फाडतात, पण शेवटी दोन-चार अक्षरांचे कपटे उरतात. तिथे एंट्री होते ऑलिगोरायबोन्यूक्लिएजची. नाव हे एवढं, काम एवढुसं: कपटे मोडून सुटी अक्षरं करायची. त्याच अक्षरांतून मग नवी चिठ्ठी.

एवढ्याशा कचऱ्याने काय बिघडतं? जाम बिघडतं. १९९९ मध्ये ई. कोलाय या बॅक्टेरियात दिसलं, की हे एन्झाइम मिळेनासं झालं तर कपटे साचतात आणि बॅक्टेरियाची वाढच थांबते. २०११ मध्ये दुसऱ्या एका बॅक्टेरियात आढळलं, की साचलेल्या कपट्यांपासूनच नव्या चिठ्ठ्यांची सुरुवात व्हायला लागते. म्हणजे जुनं अर्धवट काम थेट नव्या कामात घुसतं! २०१९ मध्ये कळलं, की या एन्झाइमचा खास खाऊ म्हणजे दोनच अक्षरांचे कपटे. अगदी शेवटचे. आपल्या पेशींतही त्याचा भाऊबंद आहे, रेक्सो-२. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या पॉवरहाऊसमध्ये, तो हीच साफसफाई करतो.

रोह्याला विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या काठावर गेलो. आमची शाडू केव्हाच विरघळली होती. कडेला मात्र कुणाच्या तरी प्लास्टरच्या मूर्तीचा एक हात पडला होता. आशीर्वादाचाच. बघवेना.

सोमवारी ऑफिसात नवी फाइल उघडण्याआधी जुनीतले राहिलेले दोन मेल टाकले. दहा मिनिटं लागली. तीन आठवडे टाळत होतो.