प्रिंटर अडला की गाडी अडते

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी कोठेही जा, कापडाच्या पेढीत आज कॉम्प्युटरचे एक लहानसे जाळे असतेच. मालकाच्या टेबलावर एक, मुनीमजींपुढे एक, गोडाऊनमध्ये एक, आणि त्या सर्वांचा मिळून एकच प्रिंटर. लाखो रुपयांचा माल त्या एका यंत्रातून निघणाऱ्या कागदावर बाहेर पडतो. आणि तेच यंत्र पेढीत सर्वांत बेवारस असते. हे कोणाच्या ताब्यात आहे, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. संध्याकाळी गाडी भरून उभी आहे, बिल निघत नाही, आणि कॉम्प्युटरवाला मुलगा फोन उचलत नाही, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी कोणाला नवा नसेल. आमचे मत असे आहे की, या कामासाठी दर वेळी बाहेरच्या माणसाची वाट पाहणे व्यापाऱ्याने सोडून द्यावे. दहापैकी सात-आठ वेळा दोष असा असतो की जो पेढीतलाच माणूस दहा मिनिटांत शोधू शकतो.

कोणी म्हणेल, आता सर्व मोबाइलवर चालते, कागद हवा कशाला? कायद्याने पाहिले तर त्यात तथ्य आहे. ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला सुरू झाले. त्याचा नंबर ड्रायव्हरने मोबाइलवर दाखवला तरी चालतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झाले. त्यावरचा क्यूआर कोडही मोबाइलवर दाखवता येतो. परंतु व्यवहार केवळ कायद्यावर चालत नाही. ट्रान्सपोर्टचा बुकिंग क्लार्क कागद मागतो. गिऱ्हाइकाच्या गेटवरचा माणूस कागदावरच शिक्का मारतो. आणि ज्या लहान व्यापाऱ्याला ई-इनव्हॉइस लागू नाही, त्याला मालाचे बिल तीन प्रतींत करावेच लागते : एक खरेदीदाराची, एक वाहतूकदाराची, एक स्वतःची. शिवाय ई-वे बिलात गाडीचा नंबर भरला की मुदत मोजायला सुरुवात होते. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला १ दिवस अशी आहे, त्यापूर्वी १०० किलोमीटरला १ दिवस होती. गाडी अंगणात उभी राहिली तरी ही मुदत थांबत नाही. लिहिलेल्या कागदाची किंमत तर आम्हाला कोणी नव्याने शिकवायला नको. सूरह बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे.

आता लूमकडे पाहा. बाणा तुटला की पॉवरलूम आपोआप थांबतो. त्यासाठी लूमवर एक लहानसा काटा बसवलेला असतो. धोट्यामागून सूत आले नाही की काट्याला आधार मिळत नाही आणि लूम बंद पडतो. मग जॉबर येतो. तो आल्याबरोबर लूम खोलत नाही. बाणा गेला, ताण्यातला धागा गेला, की पट्टा सैल झाला, हे आधी पाहतो, आवाज ऐकतो, आणि मगच हात घालतो. हा हुनर आमच्या वस्त्यांमध्ये घरोघरी आहे. पण त्याच घरातला शिकलेला मुलगा ऑफिसात प्रिंटरपुढे उभा राहिला की काय करतो? प्रिंटचे बटण पाच वेळा दाबतो. नंतर प्रिंटर सुरू झाला की एकच बिल पाच वेळा बाहेर येते, त्यातले एक चुकून दुसऱ्या गाडीबरोबर जाते, आणि महिनाअखेर पार्टीशी वाद होतो.

प्रिंटरलाही जॉबरच्याच रीतीने विचारायचे असते. पहिला प्रश्न : यंत्र स्वतःचा कागद स्वतः काढते का? बहुतेक प्रिंटरवर एखादे बटण दाबून धरले, किंवा त्याच्या मेनूमध्ये गेले, की त्याच्या सेटिंगचा कागद छापून येतो. त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. हा कागद स्वच्छ आला तर यंत्र निरोगी आहे आणि दोष बाहेर आहे. नाही आला तर वायर आणि कॉम्प्युटरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दुसरा प्रश्न : दुसऱ्या कॉम्प्युटरवरून छपाई होते का? एकाच कॉम्प्युटरची होत नसेल तर त्या कॉम्प्युटरमध्ये पाहावे, कोणाचीच होत नसेल तर वायर, राउटर किंवा प्रिंटरच्या पत्त्याकडे पाहावे. एवढे दोन प्रश्न विचारून मग मेकॅनिकला फोन केला तर तोही तुम्हाला उडवून लावत नाही.

पत्त्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्याकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथे आहे आणि तिचा संबंध वीज जाण्याशी आहे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, चार आकड्यांचा. हा पत्ता मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. वीज जाते, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद होतात. वीज आल्यावर जो आधी जागा होईल तो आधी पत्ता मागतो. काल ज्या पत्त्यावर प्रिंटर होता तेथे आज कोणाचा तरी मोबाइल बसलेला असतो. कॉम्प्युटर मात्र इमानाने जुन्याच पत्त्यावर बिल पाठवत राहतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ असे लिहून येते. यंत्र चांगले, वायर चांगली, कॉम्प्युटर चांगला, आणि काम बंद! अशा वेळी नवा प्रिंटर विकत आणलेले व्यापारी आम्ही पाहिले आहेत. नव्या प्रिंटरचे चार दिवस बरे जातात आणि पुढच्या वेळी वीज गेली की तेच.

इलाज साधा आहे. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. प्रिंटरच्या सेटिंगच्या कागदावर त्याचा कारखान्यातून आलेला बारा अक्षरी नंबर छापलेला असतो, तो राउटरला दिला की झाले. दुसरा मार्ग प्रिंटरमध्येच पत्ता पक्का करण्याचा. पण तो पत्ता राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा असला पाहिजे, नाहीतर एकाच पत्त्यावर दोघे राहायला येतात, छपाई कधी होते कधी होत नाही, आणि असा दोष शोधताना चांगल्या जाणकाराचीही दमछाक होते. पत्ता ठरला की तो कागदावर लिहून प्रिंटरच्या अंगावर चिकटवावा. राउटरला लहान यूपीएस लावावा. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नये. शाई कागदावर पक्की करणारा त्याचा गरम रोलर एकदम इतकी वीज ओढतो की लहान यूपीएस बसतो. आणि प्रिंटर वायरनेच जोडावा. वाय-फायची हौस ज्यांना परवडते त्यांनी करावी. लोखंडी कपाटे आणि गाठींच्या थप्प्यांमधून ती लहर धडपणे पोहोचत नाही.

‘ऑफलाइन’ हा शब्द कधी कधी खोटाही असतो. प्रिंटरची खबर विचारण्यासाठी एसएनएमपी नावाची एक बोली आहे. ती १९८८ पासून चालत आली आहे, आणि १९९५ मध्ये खास प्रिंटरसाठी तिची ठराविक यादी ठरली : ट्रेमध्ये कागद आहे का, टोनर किती, झाकण उघडे आहे का, एकूण पाने किती छापली. म्हणून तर कोणत्याही कंपनीचा प्रिंटर असला तरी त्याची खबर एकाच पद्धतीने काढता येते. विंडोज याच बोलीत प्रिंटरची विचारपूस करते आणि उत्तर आले नाही की त्याला ऑफलाइन ठरवते. प्रिंटरमध्ये ही सोय बंद केलेली असेल तर धडधाकट यंत्रही मेलेले दिसते. अशा वेळी प्रिंटरच्या पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपीची खूण काढून टाकली की काम सुरू होते.

तिसरी अडचण रांगेची. कॉम्प्युटरमध्ये प्रिंट स्पूलर नावाचा एक गुमास्ता असतो, तो सर्वांची बिले रांगेत लावतो. त्यातले एक बिल बिघडले की ते स्वतः पुढे जात नाही आणि मागच्यांनाही जाऊ देत नाही. घाटात ट्रक आडवा व्हावा तसे. स्पूलर थांबवायचा, रांगेतला अडकलेला माल काढून टाकायचा, पुन्हा सुरू करायचा. हे एकदा पाहून घेतले की कोणीही करू शकतो. ज्यांच्याकडे प्रिंटर एका कॉम्प्युटरला जोडून त्याच्यामार्फत इतरांना दिलेला आहे त्यांनी आणखी सावध राहावे. २०२१ मध्ये या स्पूलरमध्येच सुरक्षेची मोठी फट सापडली, मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, आणि त्या दुरुस्त्यांनंतर ‘११बी’ने संपणारा एरर नंबर दाखवून ठिकठिकाणी अशी वाटून घेतलेली छपाई बंद पडली. प्रिंटरचा यात काहीच गुन्हा नव्हता. ज्यांचा प्रिंटर थेट राउटरला जोडलेला होता त्यांना याची झळ फारशी लागली नाही.

पण बिघाड शोधण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे नजर ठेवण्याची. आजच्या बहुतेक नेटवर्क प्रिंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे एक पान असते. कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून प्रिंटरचा पत्ता टाकला की ते दिसते : टोनर, कागद, झालेल्या चुकांची नोंद, पानांचा मीटर. सकाळी दुकान उघडल्यावर मुनीमजींनी हे पान एकदा पाहावे आणि एका वहीत मीटरचा आकडा लिहावा. दोन मिनिटांचे काम आहे. तीन-चार प्रिंटरपर्यंत कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. ज्यांनी प्रिंटर भाड्याने घेतला आहे आणि दर पानामागे पैसे देतात, त्यांनी तर हे केलेच पाहिजे. एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे सर्व्हिसवाला महिन्याला स्वतः मीटर वाचून जात असे आणि बिल पाठवत असे. कोणी कधी ताडून पाहिले नाही. वही सुरू झाल्यावर आकडे जुळेनात. आम्ही कोणाच्या नियतीवर बोट ठेवत नाही, पण काट्यावर माल तोलताना जो व्यापारी मान वळवत नाही त्याने येथे डोळे का मिटावेत?

टोनरच्या टक्केवारीवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये, तो बहुधा अंदाज असतो. डब्यावर लिहिलेली पानांची संख्या सुमारे ५ टक्के काळ्या भागाच्या पानावर काढलेली असते. आपले बिल जाड रेघांचे, काळ्या पट्टीत पेढीचे नाव छापलेले, म्हणजे तेवढी पाने निघणार नाहीतच. बिलाचा नमुना हलका केला तर टोनर सरळ वाचतो.

कापडाच्या धंद्यात यंत्राचे दोन शत्रू आहेत, सुताची लव आणि पावसाळा. लव कागद उचलणाऱ्या रबरी रोलरवर बसते, मग कागद ओढलाच जात नाही किंवा दोन-दोन ओढले जातात. ओलसर फडक्याने रोलर पुसणे हे मेकॅनिकचे काम नव्हे. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला कागद ओल धरतो, वळतो आणि अडकतो. रीम फोडल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी. पानावर ठराविक अंतराने एकच डाग येत असेल तर पट्टीने अंतर मोजावे. रोटरी छपाईच्या कापडावर दर ६४ सेंटीमीटरला तोच दोष दिसला की आपण कोणत्या रोलरला धरायचे ते लगेच ओळखतो. येथेही हिशेब तोच, डागांमधले अंतर म्हणजे दोषी रोलरचा घेर.

मग आमचे लोक मागे का राहतात? आमच्या मते खरी अडचण यंत्राची नाही, इंग्रजीच्या धाकाची आहे. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हा धाक आम्हाला ठाऊक आहे. पडद्यावर इंग्रजी ओळ आली की हात मागे येतो. परंतु प्रिंटर बोलून बोलून बोलतो किती? पेपर जॅम, टोनर लो, ऑफलाइन, ट्रे एम्प्टी, असे वीस-पंचवीस शब्द. ते आणि त्यांचे इलाज उर्दूत, मराठीत, जी भाषा मुनीमजींना येते तीत लिहून यंत्राजवळ टांगावेत. आणि ज्या मुलाला हे काम येते त्याला कामाचा मोबदला वेळेवर द्यावा. आमच्या मोहल्ल्यांतून आयटीआय करून आलेली मुले या कामात तरबेज आहेत, पण जॉबरला जे हक्काने देतो ते त्यांना ‘अरे, दोन मिनिटांचे तर काम’ म्हणून टाळतो. मग तो फोन उचलत नाही, ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

शेवटी अमानतीची बाब. प्रिंटरमधून जाणाऱ्या कागदावर पार्टीचे नाव, जीएसटी नंबर, भाव, उधारी सर्व असते. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे गल्ल्याला किल्ली लावून ठेवणे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका इसमाने इंटरनेटवर उघडे पडलेले जगभरातील हजारो प्रिंटर शोधून, त्यांच्यावर यूट्यूबच्या एका चॅनेलची जाहिरात छापून काढली. त्याने थट्टा केली. दुसरा कोणी पार्टीची यादी उचलेल. म्हणून पासवर्ड बदलावा, आणि राउटरमधून प्रिंटरला बाहेरचा रस्ता देऊ नये. खास करून ९१०० नंबरचा दरवाजा, ज्यातून बहुतेक प्रिंटर छपाईचा माल घेतात, तो बाहेरून बंद असावा. जुना प्रिंटर विकताना त्याची सर्व सेटिंग पुसून घ्यावी. ऑफिसच्या मोठ्या झेरॉक्स यंत्रात बऱ्याचदा हार्डडिस्क असते आणि तिच्यात जुनी पाने राहिलेली असू शकतात. ती काढून घेतल्याशिवाय यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नये.