पूर, तहान आणि पाचशे माणसांचे गाव

मार्च २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात अतिवृष्टी झाली आणि शेतीसाठी फार पूर्वी कोरडे केलेले टुलेरी सरोवर पुन्हा भरू लागले. पाण्याच्या वाटेवर ॲलन्सवर्थ नावाचे एक खेडे होते. गाव सोडण्याचे आदेश निघाले, तरीही अनेक रहिवासी मागे राहिले आणि वाळूची पोती रचून स्वतःच बांध घालू लागले. रेल्वेमार्गाखालील नाला बुजविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा रेल्वे कंपनीने हरकत घेतली. अमेरिकेतील सर्वांत धनाढ्य राज्यात एका गावावर स्वतःच्या हातांनी पूर अडविण्याची पाळी का यावी, या प्रश्नाचे उत्तर त्या गावाच्या इतिहासात आहे.

आपल्याकडे लहानात लहान वाडीदेखील कोणत्या ना कोणत्या ग्रामपंचायतीत मोडते. अमेरिकेत मात्र अशी असंख्य गावे आहेत, की ज्यांना नगरपालिका नाही, महापौर नाही आणि कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वही नाही. त्यांचा कारभार काउंटी, म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा, पाहते. ॲलन्सवर्थ हे त्यांपैकीच एक. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी ५३१ होती. पाणीपुरवठ्यापुरते एक छोटे स्थानिक मंडळ आहे. परंतु रस्ते, पोलीस, जमिनीच्या वापराचे नियम यांविषयीचे निर्णय व्हायसेलिया येथील पाच सदस्यांच्या काउंटी मंडळाकडे आहेत.

विरोधाभास असा, की हे गाव वसले तेच मुळी स्वशासनाच्या ध्यासातून. संस्थापक ॲलन ॲलन्सवर्थ यांचा जन्म १८४२ मध्ये केंटकी राज्यात गुलामगिरीत झाला. यादवी युद्धाच्या काळात ते निसटून उत्तरेच्या सैन्याला मिळाले. पुढे धर्मोपदेशक झाले आणि १९०६ मध्ये लेफ्टनंट कर्नल या पदावरून निवृत्त झाले. त्या पदापर्यंत पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय अधिकारी. कृष्णवर्णीयांनी कोणाच्या मेहेरबानीवर न जगता आपला कारभार आपण करून दाखवावा, या हेतूने त्यांनी १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह रेल्वेच्या थांब्यालगत ही वसाहत उभारली. शाळा निघाली, ग्रंथालय उभे राहिले. १९१४ मध्ये येथील ऑस्कर ओव्हर हे न्यायाधिकारी म्हणून निवडून आले. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीयाला मिळालेला हा असा पहिला मान होता.

तथापि या स्वप्नाची नाडी पाण्यात होती आणि पाणी दुसऱ्याच्या हाती होते. जमीन विकणाऱ्या कंपनीने पुरेशा पाण्याचे दिलेले आश्वासन पाळले नाही. १९१४ मध्ये रेल्वेने आपला थांबा शेजारच्या अल्पॉ गावाकडे वळविल्याने व्यापार आटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटारसायकलच्या धडकेने कर्नल ॲलन्सवर्थ यांचा मृत्यू झाला. गावात राज्याची व्यवसाय शिक्षण संस्था काढण्याचा प्रस्तावही पुढच्या वर्षी विधिमंडळात फेटाळला गेला. पाठोपाठ माणसे निघून गेली. १९६६ मध्ये विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आढळले, तेव्हा तर गावाचा शेवट जवळ आल्यासारखेच वाटले.

मात्र गाव संपले नाही. १९७० च्या दशकात जुन्या वस्तीचे राज्य ऐतिहासिक उद्यान झाले. घरे, शाळा, ग्रंथालय यांची पुनर्बांधणी झाली. उद्यानाला लागून असलेल्या जिवंत गावात आता प्रामुख्याने शेतमजुरी करणारी लॅटिनो कुटुंबे राहतात. वारसा जपण्यासाठी शासनाला निधी सापडला. वारशाशेजारी राहणाऱ्यांना शुद्ध पाणी मिळण्यास मात्र विलंबच होत गेला. याच टुलेरी काउंटीने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आपल्या विकास आराखड्यात काही लहान वसाहतींना 'अव्यवहार्य' ठरवून त्यांच्या सुविधांवर खर्च करू नये, असे धोरण स्वीकारले होते. गाव गरीब म्हणून सुविधा नाहीत आणि सुविधा नाहीत म्हणून गाव गरीब, असे हे चक्र होते.

स्वतंत्र नगरपालिका मागावी, तर कर भरणारे उद्योगच नाहीत. आर्सेनिक काढण्याची यंत्रणा चालवावी, तर तिचा खर्च मूठभर घरांवर पडतो. दुसरीकडे सभोवतालच्या मोठ्या शेतांसाठी भूजलाचा इतका उपसा झाला, की या भागातील जमीनच खचत गेली आणि पुराचे पाणी कोणत्या दिशेने जाईल, याची गणितेही बदलली. तहान आणि पूर ही येथे एकाच धोरणाची दोन टोके आहेत.

शुद्ध पाणी हा मानवी हक्क असल्याचे कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायद्याने मान्य केले. २०१४ मध्ये भूजल नियमनाचा कायदा आला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने, स्थानिक योजना अपुऱ्या ठरल्याने, ॲलन्सवर्थ ज्यात येते ते टूली उपखोरे आपल्या थेट देखरेखीखाली घेतले. ही पावले योग्यच आहेत. परंतु उपसा किती आणि कोणी करावा, हे ठरविणाऱ्या स्थानिक व्यवस्थेत मोठ्या जमीनमालकांचेच वजन राहणार असेल, तर कायद्यातला हक्क नळापर्यंत पोहोचणे कठीण आहे. आपले निर्णय आपण घेण्यासाठी वसलेल्या गावाला सव्वाशे वर्षे होत आली, तरी निर्णयाच्या बैठकीत खुर्ची मिळविण्यासाठीच झगडावे लागते आहे. २०२३ चा पूर ओसरला. हा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.