बाण सरळ, वाट वाकडी



गेल्या महिन्यात पालकसभा संपली आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा मागे थांबले. म्हणाले, "बाई, सुट्टीत पोरांबरोबर ते जिओकॅशिंग खेळायचंय. स्वस्तातलं जीपीएस कुठलं घेऊ?" मला घरी जायची गाडी पकडायची होती, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहिलं. आज ते पुरं करते, आणि तुमच्यासमोर करते. कारण यंत्र घरात आलं की ते बाबांच्या हातात किती वेळ राहणार, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

आधी खेळ समजून घेऊ. एकानं डबी लपवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगायचे. दुसऱ्यानं यंत्राच्या मदतीनं ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथंच ठेवायची. आतली एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. पूर्वी हा खेळ जमलाच नसता. सामान्य माणसांना मिळणाऱ्या संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, आणि जागा शंभरेक मीटरनं चुकायची. २ मे २००० रोजी ते बंद झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातल्या रानात एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. खेळ सुरू झाला तो असा.

हे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा काढतं. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही बरं का! पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. उत्तर-दक्षिण दिशेत अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १,८५२ मीटर. कर्जत आणि खोपोली ही दोन्ही स्टेशनं जवळपास एकाच रेखांशावर आहेत. त्यांच्या अक्षांशात सुमारे साडेसात मिनिटांचा फरक आहे. करा गुणाकार! उत्तर येईल जवळपास १४ किलोमीटर. रेल्वेनं हे अंतर आहे १५ किलोमीटर. म्हणजे सपाटीवर यंत्राची सरळ रेघ आणि खरी वाट यांत फारसा फरक नाही.

पण डोंगरात?

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरची चौघं आंबिवलीहून पेठच्या वाटेला लागलो होतो. कोथळीगडाच्या पायथ्याचं पेठ गाव ते. माझ्या मामेभावाचं जुनं, साधं यंत्र बरोबर होतं. वरच्या एका ओळखीच्या घराच्या अंगणात त्यानं आमच्यासाठी डबी ठेवली होती. थोरल्यानं आकडे भरले. बाण उमटला, आणि खाली अंतर आलं : ६२० मीटर. "आई, जवळच आहे की!" म्हणत तो रस्ता सोडून कारवीत घुसला. मी धाकटीच्या बुटाची नाडी बांधत होते. एवढ्यात वरून मोळी घेऊन येणाऱ्या एक आजी ओरडल्या, "आरं पोरा, तिकडं कुठं चाललास? पुढं कडा हाय!"

तो थांबला. मी धावत गेले. कारवीच्या पलीकडं दहा-बारा पावलांवर जमीन संपत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. यंत्र खोटं बोललं नव्हतं. डबी तिकडंच होती, ६२० मीटरवरच होती. पण बाण जागा दाखवतो, वाट दाखवत नाही! रस्त्यानं वळणं घेत आम्हाला तिथं पोचायला तासभर लागला. त्या आजींना मात्र ती वाट कुठल्याही यंत्राशिवाय पाठ होती.

म्हणून पालकहो, यंत्र निवडताना "यात काय काय आहे?" असं विचारू नका. "हे आम्हाला घरी परत आणेल का?" असं विचारा. मग यादी आपोआप लहान होते.

पहिली गोष्ट, आल्या वाटेनं परत नेण्याची सोय. चालताना यंत्र आपल्या पावलांची रेघ साठवतं आणि परतताना तीच रेघ उलटी दाखवतं. ही रेघ वाकडी असते, कारण ती आपण खरोखर चाललेली वाट असते. ही सोय नसेल तर ते यंत्र फुकट मिळालं तरी नको.

दुसरी, सेल. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं घ्या. ते कर्जतच्या बाजारातही मिळतात आणि खोपोलीतही. पुन्हा चार्ज होणारे वापरणार असाल तर यंत्रात तशी नोंद करा, नाहीतर किती चार्ज उरला ते चुकीचं दिसतं.

तिसरी, होकायंत्र. काही स्वस्त यंत्रांत ते नसतं. मग चालत असताना बाण बरोबर असतो, पण जागीच उभं राहून गर्रकन फिरलात तर तो फसवतो. आमच्या जुन्या यंत्राचं असंच होतं.

चौथी, पाणी आणि ऊन. खोक्यावर 'आयपीएक्स ७' लिहिलेलं असेल, तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. उन्हात पडदा दिसतो का आणि ओल्या बोटांनी बटणं दाबता येतात का, तेही पाहा.

नावच हवं असेल तर सांगते. गार्मिनचं ईट्रेक्स एसई २०२३ मध्ये आलं, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १५० डॉलर होती. काळा-पांढरा पडदा, बटणं, होकायंत्र आणि दोन पेन्सिल सेल. या खेळाला एवढं पुरतं. २०१९ मधलं ईट्रेक्स २२एक्स रंगीत नकाशा दाखवतं, पण त्यात वेगळं होकायंत्र नाही. जुनं घेणार असाल तर सेलचं झाकण उघडून गंज पाहा, रबर चिरलंय का पाहा, आणि उघड्यावर नेऊन तारीख बरोबर येते का तेही पाहा. फार जुन्या काही यंत्रांची तारीख ६ एप्रिल २०१९ नंतर बिघडली आहे. आणि एक लक्षात ठेवा, उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशातल्या काकांना 'तसलं आणा' म्हणू नका!

आणि पैसे नसतील तर? तर घेऊच नका. पहिले चार-पाच खेळ बाबांच्या फोनवर खेळा. नकाशा घरीच उतरवून ठेवा, म्हणजे रानात रेंज नसली तरी काम होतं. खेळाची गोडी टिकली आणि फोन मध्येच मान टाकू लागला, तर पैसे साठवा.

डबी लपवताना शेताच्या मालकाला आधी विचारा. लेण्यांत, स्टेशनात किंवा धरणाजवळ ठेवू नका. बेवारस डबा पाहून लोक घाबरतात. खाऊ ठेवू नका, माकडं तुमच्या आधी शोधतील! आणि पावसाळ्यात डोंगरावर हा खेळ नकोच. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ते आपण कुणीच विसरलेलो नाही. दरड कधी येणार ते यंत्राला कळत नाही.

आता या आठवड्याचा गृहपाठ. शाळेच्या मैदानात फोनवर किंवा यंत्रावर अंश आणि दशांश मिनिटं दिसतील अशी मांडणी ठेवा. उत्तरेकडं चालत जा आणि मिनिटाचा हजारावा भाग बदलायला किती पावलं लागतात ते मोजा. सुमारे १.८५ मीटर यायला हवेत. मग वहीत हे सोडवा : ५४ मिनिटं ४२ सेकंद आणि ५४.४२ मिनिटं एकच का? नाही! दोन्हींत अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक पडतो. कसा, ते तुम्हीच शोधा.

आणि डोंगरात गेलात की बाण पाहा, पायाखाली पाहा, आणि वाटेत एखादी आजी भेटली तर आधी तिला विचारा.

तुमची,
बाई