काळ्या वाघाचं कौतुक पुरे, त्याच्या जंगलाचं बोला

काळ्या वाघाचा व्हिडिओ वर्षातून दोन-तीनदा तरी प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतोच. खाली ठरलेल्या ओळी असतात : ‘निसर्गाचा चमत्कार’, ‘जगात फक्त भारतात’. यातली दुसरी ओळ खरी आहे. रानात मोकळे फिरणारे असे वाघ आज फक्त ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये आहेत. पण फक्त तिथेच का, हे कुणी विचारत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

आधी एक घोळ मिटवू. काळा बिबट्या आणि काळा वाघ ही एकच भानगड नव्हे. ज्याला आपण ब्लॅक पँथर म्हणतो तो नेहमीचाच बिबट्या असतो, फक्त अंगात काळं रंगद्रव्य जास्त. उन्हात नीट बघितलं तर त्याचे ठिपके दिसतात. पश्चिम घाटाच्या दाट, ओल्या जंगलात असे बिबटे पूर्वीपासून आहेत, आपल्या ताडोब्यातही दिसलाय. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

वाघाचं तसं नाही. सिमिलिपालचा काळा वाघ खरं तर पूर्ण काळा नसतोच. त्याचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात, मधला पिवळा रंग जेमतेम उरतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याचं कारण शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या एका जनुकातला छोटासा बदल. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच पिल्लू काळं होतं. देशातल्या इतर जंगलांतल्या वाघांचे नमुने तपासले, तिथे हा बदल सापडला नाही.

मग एकट्या सिमिलिपालमध्येच इतके काळे वाघ कसे? कारण तिथे वाघ मोजकेच उरले, आणि बाहेरून नवा वाघ येईना. आपण सोयरीक जुळवताना गोत्र बघतो, नातं बघतो. वाघाला ती सोय कुठली? जंगलात जो जोडीदार आहे तो नात्यातलाच. ओडिशा सरकारच्या २०२३-२४ च्या गणनेत सिमिलिपालमध्ये २७ प्रौढ वाघ मोजले गेले, त्यातले १३ काळे. जवळजवळ निम्मे! एखाद्या वाडीत निम्मी पोरं एकाच दुर्मीळ खुणेची जन्मली तर आपण टाळ्या वाजवू का?

अशा टाळ्या आपण एकदा वाजवल्यात. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. पांढरी पिल्लं हवीत म्हणून त्याची जोडी पुढे त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली. १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली आणि जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत त्यांची मागणी वाढली. आज पिंजऱ्यात दिसणारे पांढरे वाघ बहुतेक याच घराण्यातले. तिरळे डोळे आणि इतर व्यंगं त्यांच्यात वारंवार दिसतात. रानात मात्र गेल्या सहा दशकांहून जास्त काळ पांढरा वाघ नाही. म्हणजे रंग जपला, वाघ नाही जपला.

जानेवारी २०२४ मध्ये बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारी जाहीर झाली. पर्यटकांसाठी ठीक असेल, पण त्यानं सिमिलिपालच्या वाघांचा प्रश्न सुटत नाही. त्याच वर्षी ओडिशानं एक शहाणपणाचं कामही केलं. नवं रक्त यावं म्हणून आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी नेल्या. झीनत तिथून निघाली ती थेट झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये, शेवटी डिसेंबरात बांकुड्यात बेशुद्ध करून तिला पकडावं लागलं. एकदा जंगल तुटलं की ते ट्रकनं वाघीण आणून जोडणं किती अवघड असतं, ते यावरून कळावं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे काळे वाघ आहेत? नाहीत, आणि होऊ नयेत म्हणूनच हे लिहितोय. ताडोब्यात आज वाघ भरपूर आहेत. पण तरणा वाघ बाहेर पडला की त्याच्यापुढे महामार्ग, रेल्वे, कालवे आणि कोळशाच्या खाणी उभ्या. २०१९ मध्ये टिपेश्वरचा ‘वॉकर’ तेराशेहून जास्त किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. आपण त्याचं कौतुक केलं. पण तिथे त्याला वाघीण भेटली नाही, हे किती जणांच्या लक्षात आहे?

उपाय माहीत आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर कोर्टकचेऱ्यांनंतर रस्ता उंच करून खालून जनावरांसाठी वाट ठेवली गेली. त्या वाटेनं वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसलेत. म्हणजे रस्ताही झाला आणि वाटही राहिली. मग प्रत्येक वेळी ही गोष्ट कोर्टात जाऊनच का मिळावी? विदर्भात नवा रस्ता, रेल्वेमार्ग किंवा खाण आली की जनावरांच्या वाटेचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात हवा. आणि ही वाट ज्यांच्या शेताशिवारातून जाते, त्यांचं गुरं-पिकाचं नुकसान वेळेवर भरून मिळायला हवं. त्यांच्या जिवावर वाघ वाचवायचा आणि फोटो आपण टाकायचे, हे चालणार नाही.

पुढच्या वेळी काळ्या वाघाचा व्हिडिओ आला तर जरूर पुढे पाठवा. फक्त ‘चमत्कार’ लिहू नका. ‘याची वाट कुणी अडवली?’ एवढंच लिहा. आणि तोच प्रश्न आपल्या आमदार-खासदारांनाही विचारा, आपल्या जंगलाबद्दल.