मैफल तिकडे, शांतता इकडे

२५ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर 'कोल्डप्ले' वाजवत होता. लाखभर माणसं, मनगटावर लुकलुकणारे पट्टे, आणि त्या गर्दीसाठी रेल्वेने मुंबईहून सोडलेल्या खास गाड्या. त्याच संध्याकाळी मुंबईत आणखी एक कॉन्सर्ट होती. बँडचं नाव 'सिगरेट्स आफ्टर सेक्स'. (हे नाव घरी सांगायची सोय नाही, मान्य!) तिथे उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. मंद उजेड, संथ गिटार आणि कानात कुजबुजल्यासारखा ग्रेग गोन्झालेझचा आवाज.

तीन दिवसांनी, २८ जानेवारीला, भुवनेश्वरमध्ये 'उत्कर्ष ओडिशा' परिषदेत पंतप्रधानांनी कोल्डप्लेचं उदाहरण देत 'कॉन्सर्ट इकॉनॉमी' हा शब्द वापरला. देशात मोठ्या कार्यक्रमांना केवढा वाव आहे, हा मुद्दा. आणि नेमका त्याच दिवशी या शांत बँडचा बेंगळुरूचा शो तांत्रिक अडचणींमुळे ऐनवेळी रद्द झाला.

हा योगायोगच. पण त्या योगायोगात एक प्रश्न दडलाय आणि तो थेट तुमच्याशी, म्हणजे भोर-वेल्ह्यातून रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींशी संबंधित आहे. देशात कॉन्सर्ट वाढतायत, हे खरं. पण हळू, शांत गाणं ऐकायला जे लागतं, ते वाढतंय का? आणि वाढलंच, तर ते तुमच्यापर्यंत पोहोचतंय का?

'सगळी गाणी सारखीच वाटतात'

या प्रकारच्या बँडचे दोन चाहते एकत्र आले की पहिला वाद ठरलेला. एक म्हणणार, 'अरे, सगळी गाणी एकसारखी, झोप येते.' दुसरा म्हणणार, 'तेच तर हवंय!' दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत.

या संगीताचा हिशेबच वेगळा आहे. रोजच्या पॉप गाण्यात दर काही सेकंदांना काहीतरी घडावं लागतं, नाहीतर तुमचा अंगठा पुढच्या रीलवर सरकतो. संथ बँड याच्या उलट करतात. सूर कमी, मधली जागा जास्त. एक सूर लावायचा आणि तो विरेपर्यंत थांबायचं. त्या विरण्यातच गाण्याचा अर्धा जीव असतो. त्यामुळे गर्दीच्या बसमध्ये, इंजिनच्या घरघरीत ऐकलं तर हे गाणं खरोखर सपाट वाटतं. रात्री दिवा मालवून ऐकलं तर तेच गाणं उलगडतं.

'सिगरेट्स आफ्टर सेक्स'चीच गोष्ट बघा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एल पासो गावात हा बँड सुरू झाला. त्यांचं पहिलं ईपी २०१२ चं. ते कुठल्या महागड्या स्टुडिओत नाही, तर तिथल्या विद्यापीठाच्या चार मजली जिन्यात रेकॉर्ड झालं! जिन्यात आवाज घुमतो, रेंगाळतो. तो रेंगाळणारा आवाज हीच पुढे बँडची ओळख झाली. पहिला अल्बम यायला २०१७ साल उजाडलं. त्यातलं 'अपोकॅलिप्स' हे गाणं आज अब्जाहून जास्त वेळा स्ट्रीम झालंय. म्हणजे 'हळू गाणं कोण ऐकतंय' या प्रश्नाचं उत्तर आकड्यातच आहे. ऐकणारे भरपूर आहेत. फक्त ते एकेकटे, आपापल्या खोलीत ऐकतायत.

आणि हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. पुण्याच्या 'ईझी वॉन्डरलिंग्ज'चा 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम २०१७ चाच. घाई नाही, आरडाओरडा नाही, सावकाश फुलणारी गाणी. प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' तर बराक ओबामांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत झळकलं होतं. हे लोक इंग्रजीत गातात, म्हणून 'आपले नाहीत' असं म्हणायचं काही कारण नाही.

बोलणारे, शूटिंग करणारे आणि ऐकणारे

दुसरा वाद कॉन्सर्टचा. शांत गाणं चालू असताना मागचे चौघे गप्पा मारतात, पुढचा पूर्ण गाणं फोनमध्ये शूट करतो आणि मधल्याला ना दिसत, ना ऐकू येत. 'तिकिटाचे पैसे मीही भरलेत, मी बोलणार' हा एक पक्ष. 'मग ऐकायला कशाला आलास?' हा दुसरा.

यात थोडं विज्ञानही आहे. समोरासमोर चाललेल्या साध्या गप्पा साधारण ६० डेसिबलच्या असतात. जोरदार रॉक कॉन्सर्टचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. तिथे तुम्ही कितीही बोललात तरी तुमचा आवाज गाण्याखाली दबतो, कुणाचं काही बिघडत नाही. शांत बँडचं तसं नाही. दोन सुरांच्या मधे त्यांनी मुद्दाम रिकामी जागा सोडलेली असते. तुमच्या गप्पा नेमक्या त्या जागेत जाऊन पडतात. म्हणजे तुम्ही फक्त शेजाऱ्याला त्रास देत नाही, गाण्याचाच एक तुकडा खोडून टाकता.

हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डलुथ गावचा 'लो' हा बँड १९९३ पासूनचा. ग्रंजचा धुमाकूळ चालू असताना ही मंडळी अत्यंत हळू आणि हलक्या आवाजात वाजवायची. मिमी पार्कर उभी राहून एक ड्रम आणि एक झांज एवढ्यावर ताल धरायची. रॉक ऐकायला आलेलं पब्लिक वैतागायचं, मोठ्याने बोलायचं. अशा वेळी कुठलाही बँड आवाज वाढवेल. 'लो' उलट आवाज आणखी कमी करायचा! ऐकायचं असेल तर गप्प व्हा, नसेल तर तुमची मर्जी. मिमी पार्कर २०२२ मध्ये गेली, पण तिच्या बँडचा हा किस्सा शांत संगीताचे चाहते आजही एकमेकांना सांगतात.

मग प्रेक्षकांनी काय अगदी पुतळ्यासारखं बसायचं? आवडत्या ओळीवर सोबत गायचंही नाही? इथे आपल्याकडेच एक छान उत्तर आहे. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात कधी बसलायत? हजारो माणसं विलंबित ख्याल ऐकत असतात. विलंबित म्हणजे किती संथ, तर त्यापुढे 'लो' पण घाईत वाटावा! पण ती माणसं मुकी नसतात. गायक समेवर आला की 'वाह' येते, मान डोलते, हात उठतो. दाद असते, पण तिची एक जागा असते. गावच्या भजनातही टाळकरी अभंगाचं चरण उचलून धरतात, बुवांच्या आलापीत मधेच टाळ कुटत नाहीत.

म्हणजे मुद्दा आवाज करू नका असा नाहीच. आवाज कुठे करायचा, हा आहे. अख्खं पब्लिक एखादी ओळ हळू आवाजात गातं, तेव्हा तीही दादच असते. शेवटचा सूर विरायच्या आत शिट्टी ठोकणं ही दाद नव्हे. हा नियम आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होता. तो हेडफोनबरोबर हरवला, कारण हेडफोनमध्ये आपण एकटेच असतो आणि एकट्याला कसलीच शिस्त लागत नाही.

शेवटची गाडी

आता तिसरा मुद्दा. शहरातल्या चाहत्यांच्या वादात तो सहसा येतच नाही, पण तुमच्यासाठी तोच पहिला आहे. जायचं कसं?

भोर पुण्यापासून साधारण ५० किलोमीटर. कापूरहोळला हायवे सोडायचा की आत भोर. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, नसरापूरच्या चेलाडी फाट्यावरून आत, आणखी थोडं लांब. नकाशात हे अंतर किरकोळ आहे. पण कॉन्सर्ट संपते रात्री दहाला. गर्दीतून बाहेर पडून स्वारगेटला पोहोचेपर्यंत अकरा. तिथून पुढे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मार्च २०२३ पासून एसटीत मुलींना, बायकांना अर्धं तिकीट आहे. फार चांगली गोष्ट. पण अर्धं तिकीट काढायला आधी गाडी तर असायला हवी!

म्हणजे काही हजारांचं तिकीट, त्यावर मित्राच्या खोलीवर मुक्काम किंवा मुंबईपर्यंतचा प्रवास, आणि घरच्यांची परवानगी. मुलगी असेल तर शेवटची गोष्ट सगळ्यात महाग. 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'त हॉटेलं, विमानं, टॅक्सी यांचा हिशेब मांडला जातो. पासावर प्रवास करणारा विद्यार्थी त्या हिशेबात कुठेच नाही. अहमदाबादला खास गाड्या गेल्या, कारण गर्दी लाखात होती. शांत बँडच्या दोन-तीन हजार श्रोत्यांसाठी, त्यातल्या भोर-वेल्ह्याच्या दहा-बारा जणांसाठी, कोण गाडी सोडणार?

गंमत बघा. ज्यांना मैफल मिळते, त्यांच्याकडे शांतता नाही. पुण्या-मुंबईत ती विकत घ्यावी लागते. शनिवार-रविवारी ती शोधायला तीच मंडळी तुमच्याकडे येतात. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून तर बोलायलाच नको. आणि येताना यातले काही जण काय आणतात? खांद्याला लटकवलेला ब्लूटूथ स्पीकर! तोरण्याच्या वाटेवर तुम्हीही त्यांना भेटला असाल. ज्याच्यासाठी आले, तेच बुडवून परत जातात. तुमच्याकडे मात्र भाटघरच्या धरणाकाठी, पावसाळ्यात वेल्ह्याच्या भातखाचरांवर, अशी शांतता फुकट पडलीय, की तिथे एका सुराचं विरणं शेवटपर्यंत ऐकू यावं. तिकडे मैफल आहे, शांतता नाही. इकडे शांतता आहे, मैफल नाही.

मग करायचं काय?

'मोठ्या बँडला भोरला आणा' असली मागणी करून काही होणार नाही, हे तुम्हालाही कळतं. पण शांत संगीताची एक जमेची बाजू आहे. त्याला फार काही लागतच नाही. टॉवरएवढे स्पीकर नकोत, जनरेटर नको, मैदान नको. दोन गिटार, एक माइक, शे-दीडशे खुर्च्यांचं सभागृह आणि गप्प बसू शकणारी माणसं. बस.

कायदाही इथे आडवा येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. डीजेवाल्यांचं यामुळे पोट दुखतं. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या त्या बंदीतून सूट आहे. आणि तुम्हाला तर रात्रीची गरजच नाही. दुपारी तीनला सुरू करा, पाचला संपवा. शेवटची गाडी सगळ्यांना मिळेल. कॉन्सर्ट रात्रीच व्हायला हवी, हे कुणी सांगितलं?

हे स्वप्नरंजन नाही. २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 'आयुष्यावर बोलू काही' घेऊन निघाले, तेव्हा त्यांच्याकडे तरी काय होतं? कविता, हार्मोनियम, गिटार आणि गप्पा. ना नाच, ना रोषणाई. पण कॉलेजच्या पोरांनी नाट्यगृहं भरली आणि कवितेला शांत बसून दाद दिली. मराठी तरुण हळू गाणं ऐकत नाही, हे तेव्हाच खोटं ठरलंय.

सुरुवात त्याहूनही लहान करता येईल. भोरच्या अनंतराव थोपटे महाविद्यालयात असा, नाहीतर पुण्यात शिकून शनिवारी घरी येत असा, महिन्यातून एकदा आठ-दहा जणांनी एकत्र बसून एक अख्खा अल्बम ऐकायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, न सरकवता. फोन एका टोपलीत. संपला की मग वाद घाला, सगळी गाणी सारखी होती का नव्हती! कुणाकडे गिटार असेल तर पुढच्या महिन्यात त्याने वाजवावी. गाणं इंग्रजीच हवं असंही नाही. मावळी मराठीत अजून एकही शांत, संथ रॉक गाणं तुमच्या कानावर पडलं नसेल, तर ते लिहायची जागा रिकामी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि लक्षात आहे ना, त्या अमेरिकन बँडने काय वापरलं होतं? कॉलेजचा जिना. तो तुमच्याकडेही आहे.

फक्त किल्ल्यावर हे करू नका. तिथली शांतता कुणाच्याच मालकीची नाही, तुमच्याही नाही.

बाजार मोठ्या आवाजाला गाड्या सोडेल, मैदानं देईल. त्याची तक्रार करत बसण्यात अर्थ नाही. हळू गाण्याला तो कधी विचारेल याची वाटही बघू नका. ऐकणारे आठ जण जमले की मैफल होते. आपल्याकडे ती नेहमी अशीच होत आलीय.