शायलॉक आणि आपली मुले

शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आमच्यापैकी पुष्कळांनी मुंबईस विद्यार्थिदशेत वाचले. शायलॉकचे नाव निघताच वर्गातील नजरा आमच्याकडे वळत व आम्ही मान खाली घालीत असू.

तेव्हा एक गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नाही. पहिल्या एडवर्ड राजाने १२९० साली इंग्लंडमधून सर्व यहुदी हद्दपार केले. ते उघडपणे परतले १६५६ नंतर, क्रॉमवेलच्या कारकिर्दीत. नाटक लिहिले गेले ते १५९६ ते १५९८ च्या सुमारास. म्हणजे शायलॉक हा बहुतांशी ऐकीव माणूस. पाहिलेला शेजारी नव्हे.

मग असे ग्रंथ मुलांच्या हातून काढून घ्यावेत काय? आमचे मत तसे नाही. डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये दुष्ट फेगिन रंगविला. १८६३ साली एका यहुदी बाईने पत्र लिहून त्यास त्याबद्दल बोल लावला. पुढे ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये त्याने रायाह हा सज्जन यहुदी उभा केला आणि जुन्या कादंबरीतील ‘यहुदी’ हा शब्दही अनेक ठिकाणी गाळला. वाचक बोलला, म्हणून लेखक सुधारला.

कादंबरी, नाटक, चित्रपट ही इतिहासाची दारे आहेत, इतिहास नव्हेत. दार उघडल्यावर सनावळी हाती देण्याचे काम आईबापांचे. २०१२ साली तेल अवीवच्या हबीमाने हेच नाटक लंडनच्या ग्लोब रंगमंचावर हिब्रूत केले. आमच्या मुलांनीही ते जरूर वाचावे. मात्र मान ताठ ठेवून.